हद्दीवरची हाक

चहाचा दुसरा घोट घेतला आणि रायगोंडाच्या वरच्या ओठाला साय चिकटली. घडलं ते एवढंच. बेळगावात नोकरी करणारा, धोतरावर कोट घालणारा माणूस अशा वेळी पालथ्या हाताने ओठ पुसतो आणि उरलेला चहा पिऊन मोकळा होतो. रायगोंडानेही हात उचलला, पण तो तोंडापर्यंत पोचेना. ती कोमट, लुळी, ओली कातडी ओठावरून हनुवटीकडे सरकत राहिली आणि त्याच्या पोटातून काहीतरी उसळून घशाशी आलं. चव सायीचीच होती, स्पर्श मात्र सायीचा नव्हता. गेल्या महिन्यात हाच स्पर्श त्याच्या मनगटावरून, कोटाच्या बाहीवरून, एकदा तर थेट गालावरून ओघळला होता. बुळकांडीचा रोग झालेल्या जनावराने मान झटकली की तोंडातून लोंबणारी लाळ तुटून उडते आणि पडेल तिथे अशीच लोंबत राहते. तिला कुजलेल्या हिरड्यांचा वास असतो. रायगोंडाने डोळे मिटून बाहीत तोंड खुपसलं आणि साय पुसली. बाहीला फिनेलचा वास येत होता. फिनेलच्या खाली तो दुसरा वास होताच.

"पावणं, बरं न्हाय काय?" समोरून कलगोंडाने विचारलं.

"काय न्हाय, दाजी. पित्त झालंय."

"मग च्या कशाला घेतासा? ताक घ्यावं." एवढं बोलून कलगोंडाने नजर खाली घातली. ताक म्हणताना त्याला घरचा पालथा घातलेला ताकाचा डेरा आठवला असावा.

कलगोंडा म्हणजे रायगोंडाच्या धाकट्या बहिणीचा, राजमतीचा नवरा. निपाणीच्या पुढे एक ओढा आहे. त्याच्या अलीकडे इंग्रज सरकारचा जिल्हा आणि पलीकडे संस्थान. राजमतीचं सासर पलीकडे, ओढ्याला लागून असलेल्या मळ्यातलं पहिलंच घर. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने कलगोंडा बेळगावला आला आणि गुरांच्या रोगाच्या कचेरीसमोर मुकाट उभा राहिला. रायगोंडा त्याच कचेरीत दुभाष्या. त्याने पाहुण्याला समोरच्या हॉटेलात आणलं. न गाळलेलं पाणी कलगोंडा तोंडात घेत नसे, हॉटेलातलं तर नाहीच. पण बायकोच्या भावाने मागवलेला चहा नको कसा म्हणायचा, म्हणून कप पुढ्यात ठेवून तो बसला होता. त्या कपावर जाड साय धरली होती आणि तिला सुरकुत्या पडल्या होत्या. रायगोंडा तिच्याकडे बघायचं टाळत होता आणि पुन्हा पुन्हा बघत होता.

"कुणाची कुणास ठावं, सोडलेली जनावरं आली," कलगोंडाने मघाचं बोलणं पुढे ओढलं. "तिनीसांजंला आली. नुसती हाडकं. डोळ्यातनं पू, मागनं रगात. तुमच्या भनीनं गोठ्यात घेतली. तोंडाला हळद-तेल लावलं, आंबील पाजली. तरी येक येक करून मेली समदी. मरताना परतेकाच्या कानात णमोकार मंत्र म्हणत बसली हुती. मग आमची सुरू झाली. मोऱ्या बैल गेला, कोसा बैल गेला, दुभती गाय गेली. आता रोग गावात शिरलाय. म्हणून म्हणतो, सायबास्नी सांगून तेवढी लस आमच्या गावाला मिळवा. ज्यांची अजून धड हायती ती तरी ऱ्हातील."

रायगोंडाने मान हलवली. कुणाची कुणास ठावं, हे शब्द त्याच्या कानात शिरून तिथेच बसले, कारण कुणाची ते त्याला ठाऊक होतं. ती जनावरं सरकारची होती. म्हणजे मुळात शेतकऱ्यांचीच. पण सरकारने हुकूम काढला की ज्याच्या दावणीला आजारी जनावर सापडेल आणि ज्याने वर्दी दिली नसेल, त्याला दंड. वर्दी दिली तर गोठा बंद, गाडी बंद, बाजार बंद. मग पोटाला काय घालायचं ते मात्र हुकुमात लिहायचं राहून गेलं होतं. लोक काही दूधखुळे नव्हते. त्यांनी दावी सोडून दिली आणि गावागावांच्या माळावर निनावी जनावरं उभी राहिली. एक गाय आपल्या दाराशी परत आली होती. बाई आतून कडी लावून उभी होती आणि गाय फुटलेल्या जिभेने दार चाटत होती. फळीवर तांबूस ओल्या रेघा उमटत होत्या. कचेरीच्या साहेबांनी विचारलं, ही कुणाची? रायगोंडाने ते मराठीत विचारलं, मग कानडीत विचारलं. कुणाचीच न्हाय, असं दारामागून उत्तर आलं आणि त्याने ते इंग्रजीत सांगितलं. दुभाष्याचं काम तेवढंच, इकडचं तिकडे करायचं. साहेब परमुलखातले, त्यांना दोन्ही भाषा येत नव्हत्या. रायगोंडाला दोन्ही येत होत्या, वर मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी होतं, आणि आवाज होता. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पूजेच्या वेळी त्याने स्तोत्र म्हटलं की बाहेर वडाखाली बसलेल्यांना अक्षर न् अक्षर कळायचं. त्या आवाजावर त्याला नोकरी मिळाली, बेळगावात भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या, गावात मान मिळाला.

मग ही निनावी जनावरं गोळा करून एका कोंडवाड्यात घातली. त्यांच्याबरोबर नुसतीच चुकार, धडधाकट जनावरंही घातली, कारण वेगळं ठेवायला दुसरा कोंडवाडा मंजूर नव्हता. सगळ्यांना पाणी एकाच दगडी डोणीत. आठवडा संपायच्या आत निरोगी कुठली आणि रोगी कुठली हा प्रश्नच उरला नाही. सरकारने तो आपल्या परीने सोडवला होता. लस आली तेव्हा बर्फ नव्हता, आणि लसीला बर्फ नसला की ती पाणीच. बर्फ आला तेव्हा टोचणारा रजेवर. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे बैल गेल्यावर झोप्याचं लाकूड सागाचं असावं की जांभळाचं, यावर वरच्या आणि खालच्या कचेरीची तकरार चालली होती. रायगोंडाला त्या कोंडवाड्यातलं शेण आठवलं. त्याला शेण म्हणायचं फक्त रीत म्हणून. ते हिरवं-लाल पाणी होतं, भिंतीवर उंचपर्यंत उडालेलं, आणि त्यात त्याच्या वहाणेचा अंगठा बुडाला होता. त्याने ती वहाण टाकून दिली. पायाचा अंगठा टाकून देता आला नाही.

"लस बकरं मारून त्येच्या पांथरीची करत्यात म्हणं," कलगोंडा खालच्या आवाजात म्हणाला. शेजारच्या बाकड्यावर कुणी ऐकू नये म्हणून तो पुढे वाकला. "आमच्यातली लई लोकं नको म्हणत हुती. येका जिवासाठनं दुसरा जीव मारायचा, ह्ये आपल्यात बसत न्हाय. मीच सांगितलं, पाप लागायचं ते मला लागू दे. तुमची भन म्हणाली, अर्धं मला."

अर्धं मला. लहानपणी गुळाचा खडा मिळाला की राजमती हेच म्हणायची. तेव्हा तिचे पुढचे दात पडले होते आणि ती खडा चोखून परत हातावर ठेवायची, आता तुझं अर्धं, आण्णा. रायगोंडा तिच्या लाळेने बुळबुळीत झालेला तो खडा तोंडात टाकायचा. त्याला कधी किळस आली नव्हती. किळस ही माणसाला पगाराबरोबर मिळते की काय, असं त्याला वाटलं, आणि या विचाराचाही त्याला वीट आला, कारण तो विचार तेवढ्यापुरता बरा वाटणारा होता. खरं ते वेगळंच होतं आणि ते ओढ्याच्या काठावर उभं होतं.

त्याआधी गाड्याची गोष्ट झाली. रोग नुकताच आला होता आणि बायकांनी मरगाईचा, रोगराईच्या देवीचा, गाडा काढला. पळसाच्या लाकडाचा वीतभर गाडा, त्यात लिंबू, कडुनिंबाचा डहाळा, हिरव्या बांगड्या. वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून मागे न बघता परत यायचं. मग शेजारचं गाव तो पुढच्या गावाला पोचवतं. जैनांची घरं नारळ देतात आणि तोंड फिरवून उभी राहतात. रायगोंडा शाळेत असल्यापासून या प्रकाराला हसत आला होता. साहेबांनी गाडा जप्त केला आणि चावडीपुढे भाषण दिलं. आपला रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा, ही कसली माणुसकी? रोग काय गाडीत बसून जातो? रायगोंडाने ते आधी मराठीत आणि मग कानडीत सांगितलं, आणि मूळ भाषणात नव्हता एवढा जोर लावून सांगितलं. लोक खाली मान घालून उभे होते. तेवढ्यात नागुबाई नावाची एक म्हातारी, गाड्यापुढे बांगड्या ठेवणारी, शांतपणे म्हणाली, "मग तुमी कुठं ढकलनार, सायेब?" लोक हसले. साहेबांनी भुवया उंचावून रायगोंडाकडे पाहिलं. रायगोंडाने सांगितलं की बाई आपले आभार मानते आहे.

म्हातारीला उत्तर मिळालं ते कोंडवाड्यातली जनावरं मरेनात आणि जगेनात तेव्हा. मारावीत, तर गोहत्येवरून दंगल होईल. मेलेली पुरावीत, तर खड्डे, चुना, माणसं. आणि निपाणीचा बैलबाजार कधीचा बंद. लढाईच्या दिवसांत गाड्यांना बैल हवेत, तंबाखू वखारीत पडून आहे, व्यापारी वरपर्यंत ओरडून आलेले. तेव्हा कुणा शहाण्याला नकाशात ओढा सापडला. जिल्ह्यात रोगी जनावर नसलं म्हणजे जिल्ह्यात रोग नाही. एका संध्याकाळी शिपाई आणि वालीकार, म्हणजे गावचे चाकर, काठ्या घेऊन कोंडवाड्यातली जनावरं ओढ्याकडे हाकत निघाले, मागून साहेबांची मोटार. मोटारीत पुढे रायगोंडा. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं, पण जनावरं त्यात पाऊल घालेनात. तापाने फणफणलेली तोंडं पाण्यात खुपसून उभी राहिली. गिळता येत नव्हतं, नुसतं पाणी नाकपुड्यांतून आत-बाहेर होत होतं. काठ्या पडत होत्या त्या हाडांवर, आणि लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येत होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता. पलीकडे घाला, एवढंच ते म्हणत होते आणि रायगोंडा तेवढंच सांगत होता. अंधार पडायला लागला. उशीर झाला तर साहेब चिडतील, आपल्याला मुक्कामाला निपाणीत राहावं लागेल, उद्या सकाळी कचेरीला उशीर होईल. हे त्याने मनात म्हटलं. हेच म्हटलं, दुसरं काही नाही. मग तो मोटारीतून उतरला, पाण्याच्या काठाशी गेला, तळहात तोंडाशी धरला आणि त्याने हाक दिली.

होऽऽयो, होऽऽयो. ती त्यांच्या घरची हाक होती. लहानपणी दिवस मावळताना गुरं घेऊन तो बांधावर आला की ही हाक द्यायचा. ती ऐकली की घरात राजमती हातातलं काम टाकून गोठ्याची आगळ काढायची आणि पाण्याची घागर भरून ठेवायची. ओढ्यातल्या जनावरांनी माना वर केल्या. काठीला न हललेली ती हाडं हाकेला हलली. घरी नेतायत, असं त्यांना वाटलं असणार. एकामागून एक ती पलीकडच्या काठावर चढली आणि मळ्याच्या अंगाने अंधारात शिरली. साहेबांनी रुमाल काढून त्याच्या पाठीवर थाप मारली. तिथून मळ्यातल्या पहिल्या घराचा कंदील दिसत होता. रायगोंडाला तो दिसलाही होता. कुणाचं घर ते त्याला विचारावं लागत नव्हतं, तरी त्या संध्याकाळी तो कंदील त्याने कुणाचाही कंदील असावा तसा पाहिला. हेच ते, जे आता घशाशी येऊन अडकलं होतं आणि खालीही उतरत नव्हतं.

"चला, सायबांना भेटू," तो म्हणाला. कलगोंडाने कपाला नमस्कार केल्यासारखा हात लावला आणि तो उठला. साय कपात तशीच राहिली.

कचेरीत साहेब मोसंबं सोलत होते. माणूस वाईट नव्हता. कलगोंडाला त्यांनी खुर्ची दाखवली. कलगोंडा बसला नाही. त्याने जमिनीकडे बघत सगळं पुन्हा सांगितलं आणि रायगोंडाने ते इंग्रजीत केलं. णमोकाराचं वाक्य आलं तेव्हा त्याने ते गाळलं. इंग्रजीत ते सांगितलं असतं तर या खोलीत ते कुठे ठेवायचं ते कुणालाच कळलं नसतं. साहेबांनी गाव कुठलं ते विचारलं आणि ते भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. रस, तंतू लागलेलं बोट निपाणीवरून ओढ्यापर्यंत आलं आणि थांबलं. ओढ्यापलीकडे नकाशात काहीच नव्हतं. रस्ते तिथे तुटले होते, टेकड्या अर्ध्या कापल्या होत्या आणि पुढे कोरा कागद होता. "हे माझ्याकडे नाही," साहेब हळहळून म्हणाले. "ह्यांच्या संस्थानाने आपला डॉक्टर पाठवावा. आपला जिल्हा आता निर्मळ आहे. आणि असं बघ, आपण इतकं करूनही रोग तिकडे गेलाच. ही माणसं जनावरं मोकळी सोडतात, काय करणार?"

हे तरी साहेबांनी मनापासूनच म्हटलं होतं. महिनाभरात त्यांना ओढ्यावरची ती संध्याकाळ आठवेनाशी झाली होती, किंवा ती त्यांच्या नकाशात नव्हती. रायगोंडा कलगोंडाकडे वळला.

"काय म्हणालं?"

"हद्दीबाहेर हाय म्हणत्यात. तुमच्याच डाक्टरला सांगा."

"आमचा डाक्टर राजाच्या घोड्यांच्या पागंत असतोय, पावणं. तुमास्नी ठावं हाय की."

ते इंग्रजीत करायचं रायगोंडाने सोडून दिलं. साहेबांनी हात धुतले आणि आठवण झाल्यासारखं सांगितलं की पेटीतली उरलेली लस आज ओतून टाक. रोग संपल्यावर ती ठेवायची नाही असा नियम आहे, आणि बर्फाचा खर्चही फुकट. पेटी मागच्या ओसरीवर होती. कलगोंडा त्याच्या मागून आला. रायगोंडाने झाकण उघडलं. भुश्यात बर्फाचे तुकडे आणि त्यात बाटल्या. एका गावाला पुरतील एवढ्या होत्या. कोटाचा खिसा मोठा होता. टोचणारा कंपाउंडर ओळखीचा होता, नाही कसं म्हणेल? निपाणीपर्यंत मोटार, पुढे चालत, बर्फ फडक्यात. हे सगळं त्याच्या डोक्यात एका दमात येऊन गेलं आणि त्याचा हात बाटलीवर गेला. दारात साहेब टॉवेलला हात पुसत उभे होते. ते लक्ष ठेवून नव्हते. सहज उभे होते. रायगोंडाने बाटलीचं बूच काढलं आणि ती गटारावर उलटी धरली. मग दुसरी. मग बाकीच्या. गटारात लस पडली, तिच्यावर त्याने फिनेल ओतलं, पांढरा फेस झाला आणि तो सायीसारखा एकत्र होऊन हळूहळू पुढे सरकला.

"ह्ये काय वतताय?" कलगोंडाने विचारलं.

"जुनं औषध."

कलगोंडाने बर्फाचा एक तुकडा उचलून हातात धरला. "गार हाय," तो म्हणाला आणि पाणी होईपर्यंत धरून उभा राहिला. हाताला मुंग्या आल्यावर त्याने तो धोतराला पुसला. साहेब आत गेले होते. दोघं कचेरीच्या पुढच्या पायऱ्यांपाशी आले. बाहेर ऊन चढलं होतं. फाटकाशी कुणाची तरी बैलगाडी सोडलेली होती आणि बैल जुवाच्या सावलीत रवंथ करत बसले होते. रायगोंडाला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात. त्याने मनातल्या मनात मान पुढे केली.

"येक निरोप हाय," कलगोंडा म्हणाला. "सांगू का नको, इचार करत हुतो. त्या सांजंला ती जनावरं दारात आली तवा मी म्हणालो, रोगट हायती, आत घेऊ नगंस. तर म्हणाली, आण्णाची हाक आली, म्या ऐकली. आण्णा रोगाच्याच खात्यात हाय, त्याला कळत न्हाय व्हय? आपल्या घरात जीव मारत न्हाईत, शेवटपतूर करत्यात, म्हणून त्यानं हितं धाडली. आणि जाऊन आगळ काढली तिनं."

रायगोंडाच्या हातात रिकामी बाटली राहून गेली होती. तिचं तोंड त्याने अंगठ्याने दाबून धरलं.

"कोसा गेला त्या दिशी मी लई बोललो तिला. तर रडली न्हाय. म्हणाली, आण्णाला सांगा, तुझ्या जनावरांचं जमलं तेवढं केलं, ऱ्हायली न्हाईत, राग धरू नगंस." कलगोंडाने डोकीचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "आणि म्हणाली, गोठा आता मोकळाच हाय. आणखी धाडायची असली तर धाड म्हणावं. फक्त दिवस असताना हाक मार. अंधारात आजारी जनावरास्नी दार गावत न्हाय."

ती टोमणा मारत नव्हती. राजमतीला टोमणा मारता येत नसे. लहानपणीही तिला कुणी खेळात फसवलं तर तिचा स्वतःचाच नेम चुकला असं ती समजायची. कलगोंडाही टोमणा मारत नव्हता. तो सांगायला सांगितलेलं सांगत होता, शब्दाला शब्द, आणि उत्तराची वाट बघत उभा होता.

"तर काय सांगू तिला?"

आतून साहेबांनी हाक मारली. निपाणीच्या बाजाराची तयारी करायची होती. बाजार उघडतोय, जिल्हा निर्मळ झाला, लोकांनी निर्धास्त बैल आणावेत, हे उद्या चौकात उभं राहून दोन्ही भाषांत ओरडून सांगायचं होतं. साहेबांनी पुन्हा नाव घेतलं. रायगोंडाच्या घशाशी सकाळपासून आलेलं ते अजून तिथेच होतं. त्याला वाटलं, आता तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल, या पायऱ्यांवर, या माणसाच्या पायांवर, आणि एकदाचं सुटेल. त्याने तोंड उघडलं.

"आलोऽऽ," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच निघाला, स्वच्छ आणि लांब पोचणारा. फाटकाशी बसलेल्या बैलांपैकी एकाने रवंथ थांबवला, कान टवकारले आणि तो पुढचे पाय गोळा करून त्याच्याकडे यायला उठू लागला.